चार पेट्या आणि मधली खुर्ची

चार स्पीकरच्या सेटची एक गोची असते. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार पेट्या ठेवल्या, की चारही बाजूंचा आवाज जिथे नीट जुळून येतो अशी जागा खोलीत एकच असते, बरोबर मध्यभागी. तिथे एक खुर्ची मांडायची. तिच्यात जो बसेल त्याला गाणं ऐकू येतं. बाकीच्यांना आपापल्या शेजारची पेटी ऐकू येते. मी पेटीच ऐकत होतो, पुष्कळ महिने, आणि तीही माझ्या स्वतःच्या रेकॉर्डवर. इतक्या वर्षांनी आठवलं तरी डोकं फिरतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सेट परभणीच्या एका वकिलांचा होता. गावाकडे जमीन, कोर्टात बरी वकिली, शहरात नवं सिमेंटचं घर आणि आखातात मेहुणा. मेहुण्याने पाठवलेला तसला सेट जिल्ह्यात दुसरा नसावा. दर रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही तिघं जमायचो. एक स्वतः वकीलसाहेब. दुसरे कॉलेजात इंग्रजी शिकवणारे, पुण्याकडून इकडे आलेले प्राध्यापक. तिसरा मी, कालव्याच्या खात्यात ज्युनिअर इंजिनिअर, नेमणूक पाथरीला. पहिली एसटी पकडायची, रेकॉर्डींची पिशवी मांडीवर उभी धरायची आणि प्रत्येक खड्ड्याला कंडक्टरपेक्षा मोठ्याने ओरडायचं, हा माझा रविवार.

आमचं खूळ एकच, विलायती रॉक. परभणीत हे कुणाला सांगितलं की माणूस आधी तोंडाकडे बघायचा आणि मग विचारायचा, "त्यातलं कळतं का काही?" मला औरंगाबादच्या होस्टेलात हे वेड लागलं. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा मी घेतला तो सुटकेससारखा उघडणारा छोटा रेकॉर्ड प्लेअर. त्याला एकच स्पीकर, तोही झाकणात. आई म्हणायची, "लेकरा, ह्यो माणूस गायलाय का भांडायलाय?"

आता एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी बौद्ध. आमचं गाव पालमकडचं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर खेड्यापाड्यांत जे झालं त्यात माझ्या चुलत्याचं घर गेलं. आईवडिलांना मी पाथरीला भाड्याच्या खोलीत घेऊन आलो. त्याला फार दिवस झाले नव्हते. वकिलांकडे मात्र हा विषय कधी निघत नसे. एकदा प्राध्यापकांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून पहिल्या पानावरची बातमी वाचायला सुरुवात केली, तसे वकील म्हणाले, "सर, हितं राजकारण न्हाई. हितं फक्त संगीत."

मला तेव्हा हा नियम फार आवडला. ऑफिसात, एसटीत, चहाच्या गाड्यावर सगळीकडे लोक माझं तोंड बघून एक तर बोलायचे थांबायचे, नाहीतर मुद्दाम बोलायचे. जगात एक तरी खोली असावी जिथे मी नुसता ऐकणारा माणूस असेन, असं मला वाटायचं. चहा आम्हा तिघांना एकाच ट्रेमधून, एकसारख्या कपांतून यायचा. वकील मला "इंजिनिअरसाहेब" म्हणायचे. म्हणूनच कळायला इतका वेळ लागला.

मधली खुर्ची वेताची होती, रुंद हातांची. तिच्यासाठी पाळी ठरलेली. रेकॉर्डच्या एका बाजूला एक माणूस. पहिली बाजू घरमालक म्हणून वकील ऐकणार. दुसरी बाजू प्राध्यापक, ते वयाने मोठे. आणि तिसरी बाजू मी. पण रेकॉर्डला तिसरी बाजू असते का हो? दुसरी संपेपर्यंत आतून जेवणाची वर्दी यायची, नाहीतर पक्षकार यायचे, नाहीतर लाईट जायची. "इंजिनिअरसाहेब, पुढच्या रविवारी पहिली पाळी तुमची," वकील म्हणायचे. पुढच्या रविवारी मी पाथरीहून पोचेपर्यंत त्यांनी "जरा सेट तापवून घ्यावा म्हणलं" करत पहिली बाजू सुरू केलेली असायची. यात कुणी मला नाही म्हटलेलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

माझी जागा म्हणजे दाराजवळचा लाकडी बाक. इतर दिवशी त्यावर पक्षकार बसायचे. बाकाच्या टोकाला मागची डावी पेटी. ती माझ्या कानापासून हातभर अंतरावर. त्या पेटीतून काय येतं हे मला तोंडपाठ झालं होतं. समोर काय चाललंय ते अंदाजाने ओळखायचं.

अशात माझा इराकला बांधकामावर गेलेला एक वर्गमित्र सुट्टीवर यायचा होता. आम्हा तिघांच्याही लाडक्या एका रेकॉर्डची जुनी, दोन स्पीकरची प्रत प्रत्येकाकडे होती. कंपनीने तीच रेकॉर्ड मूळ फिती पुन्हा जुळवून चार स्पीकरसाठी नव्याने काढली होती. मी मित्राला पत्रांवर पत्रं लिहिली. बिचाऱ्याने कपड्यांच्या घड्यांत घालून ती आणली. झाकणातल्या एका स्पीकरवर तिचा काय उपयोग? मी ती तशीच कोरी ठेवली आणि रविवारची वाट बघत बसलो. आपली रेकॉर्ड, तेव्हा या खेपेला खुर्ची आपलीच, असं मी धरून चाललो होतो.

मधे भाद्रपदातल्या महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे मराठवाड्यात महालक्ष्म्या बसायच्या म्हणजे घरातली सगळ्यात चांगली खोली रिकामी होते. वकिलांच्याही खोलीतला सेट, पेट्या, दिवाण, माझा बाक, सगळं मागच्या पडवीत गेलं, आणि तिथे मखर उभं राहिलं. प्राध्यापकांना त्या दिवशी सपत्नीक जेवायला बोलावणं होतं. मला "रविवारी या" असा निरोप आला. महालक्ष्म्या उठल्यावर मुनीम आणि शेतावरचा गडी यांनी मिळून पेट्या परत मांडल्या. चारही पेट्या दिसायला एकसारख्या, वायरीही एकसारख्या. कोण लक्ष देतो?

त्या रविवारी नवी रेकॉर्ड लागली. मी पिशवीतून काढून वकिलांच्या हातात दिली, त्यांनी ती रुमालाने पुसली, तबकडीवर ठेवली आणि चालत जाऊन खुर्चीत बसले. इतकं सहज, की मी पाठोपाठ बाकावर जाऊन बसलो सुद्धा. नवरा मी आणि घोड्यावर दुसराच.

पहिल्याच गाण्यात एक गिटार खोलीभर फिरते. कव्हरवर तसं लिहिलेलंच होतं, की वाद्य ऐकणाऱ्याभोवती प्रदक्षिणा घालतं. दुसऱ्या बाजूलाही ती एकदा अशीच फिरते. पण ती प्रदक्षिणा काही केल्या घडेना. समोरच्या डावीकडून समोरच्या उजवीकडे गेली, आणि तिथून एकदम तिरकी उडी मारून माझ्या कानाशी. मग पलीकडच्या कोपऱ्यात, की पुन्हा तिरकी उडी.

त्या दिवसापासून वाद सुरू झाला. जुनी बरी की नवी?

प्राध्यापक जुन्याच्या बाजूचे. "नव्यात सगळा विचका केलाय हो. ढोल पोकळ, साथीला गाणारे भलत्याच कोपऱ्यात, आणि ती गिटार बेडकासारखी उड्या मारते. एकदा केलेल्या कलाकृतीला पुन्हा हात लावायचा अधिकार यांना दिला कुणी?"

वकील नव्याच्या बाजूचे. सेट त्यांचा, त्यांना दुसरं म्हणताच येत नव्हतं. "सर, जुनी म्हणजे फोटो बघितल्यासारखी. समोरून बघा. ही म्हणजे आपण आत जाऊन बसलो. लय फरक हाय. आन् उड्या मारायलीय ते मुद्दाम हाय, ती त्यांची कला हाय."

"कला? ही माकडचेष्टा आहे."

"मग व्होल्टेज कमी असंल. परभणीचं व्होल्टेज तुमाला ठावं न्हाई का?"

परभणीचं व्होल्टेज हे त्या घरात नाचता न येणाऱ्यांचं वाकडं अंगण होतं. ढोल पोकळ, तर व्होल्टेज. सुई अडकली, तर व्होल्टेज. दोघांनी मिळून जुनी आणि नवी एकाआड एक लावून बघायचं ठरवलं. मला वाटलं, आता चार बाजू झाल्या, निदान एक माझ्या वाट्याला येईल. पण तुलना करायची तर दोन्ही रेकॉर्डींची तीच बाजू त्याच माणसाने ऐकायला हवी, असा प्राध्यापकांनी मुद्दा काढला. मुद्दा बिनतोड होता. पहिल्या दोन बाजू वकिलांनी ऐकल्या, दुसऱ्या दोन प्राध्यापकांनी.

मला दोष कळायला वेळ लागला नाही. मागच्या दोन पेट्यांच्या वायरी उलटसुलट झाल्या होत्या. त्यात हुशारीचं काही नव्हतं. सेटबरोबर एक तपासणीची रेकॉर्ड आली होती, तिच्यात एक साहेब प्रत्येक पेटीतून त्या पेटीची जागा बोलून दाखवायचा. महालक्ष्म्यांच्या आधी ती लावली होती तेव्हा माझ्या शेजारची पेटी "मागची डावी" म्हणाली होती. आणि खोलीला फेरी मारणारा कुणीही समोरच्या उजव्या कोपऱ्यातून सरळ मागच्या डाव्यात कसा उगवेल? तो आधी मागच्या उजव्यात जाईल. हे बाकावर बसलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात कळतं. मधे बसलेल्याला वाटतं, कला आहे.

मी सांगितलं. "वकीलसाहेब, मागच्या वायरी बदलल्यात. महालक्ष्म्यांत पेट्या हलवल्या तेव्हा झालं असणार. ती तपासणीची रेकॉर्ड लावा, लगेच कळेल."

"ती कुठं ठिवलीय कुणास ठाऊक," वकील म्हणाले. "आन् गड्यानं न्हाई, मुनिमानं सोता लावल्यात वायरी."

प्राध्यापक हसले. म्हणाले, "अहो, तुम्ही त्या कोपऱ्यात बसून एकच पेटी ऐकता. पूर्ण आवाजाबद्दल तुम्ही कसं बोलणार? मधे बसून ऐका, मग बोला."

"मग बसू द्या मधे."

"बसा की!" वकील म्हणाले. "कोण नको म्हणायलंय तुमाला? ही बाजू संपू द्या."

आणि ती बाजू संपली की लाईट जायची.

असं किती रविवार चाललं ते मी मोजलं नाही. मी पुन्हा पुन्हा वायरींचं काढायचो आणि ते दोघं लहान मुलाच्या हट्टाकडे बघावं तसं बघायचे. दोन शिकलेली माणसं एका उलट्या वायरीवर कलेच्या गप्पा मारत होती. त्यांना काय ऐकू येतंय ते मला माहीत होतं, ते का ऐकू येतंय तेही माहीत होतं, आणि माझं मत धरायचं नाही कारण मी मधे बसलेलो नाही. मधे मी बसायचं नाही कारण, कारण काहीच नाही, पाळी येत नाही. एसटीत परत जाताना मी स्वतःशी बडबडायचो. शेजारच्या एका म्हातारबाबांनी एकदा विचारलं, "बायकू माहेरी गेली का?"

मग जायचोच कशाला, असं कुणी विचारेल. एक तर ते गाणं मला पूर्ण ऐकायचं होतं. नुसतं ऐकायचं होतं हो, चारही बाजूंनी, एकदा. माझ्याकडे तसला सेट येण्याची शक्यता नव्हती. आणि दुसरं, मला त्या खोलीत जमेस धरलं जावं असं वाटत होतं. तिथे जी चर्चा चालते तिच्यात माझंही मत मत म्हणून मोजलं जावं. यात लाजण्यासारखं काही नाही.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी माझी सहनशक्ती संपली. रेकॉर्डची पहिली बाजू सुरू होती, वकील खुर्चीत डोळे मिटून बसलेले. गिटार तिरकी उडी मारून माझ्या कानाशी आली, आणि मी उठलो. सरळ सेटच्या मागे गेलो, गुडघ्यावर बसलो.

"अहो, काय करताय? करंट बसेल!" प्राध्यापक ओरडले.

वकिलांनी डोळे उघडले. "इंजिनिअरसाहेब, काय करायलाव?"

मी आवाज शून्यावर आणला, मागच्या दोन पेट्यांच्या वायरी काढल्या, अदलाबदल करून लावल्या, सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि आवाज वाढवला. बाकावर जाऊन बसलो. गिटार समोरच्या डाव्या कोपऱ्यातून निघाली, उजवीकडे गेली, तिथून मागे पलीकडच्या कोपऱ्यात, मग भिंतीच्या कडेने आल्यासारखी माझ्यापाशी, आणि पुन्हा पुढे. पूर्ण प्रदक्षिणा. साथीला गाणारे आपापल्या जागी होते. ढोल भरदार वाजत होता.

बाजू संपेपर्यंत वकील खुर्चीचे हात धरून बसले होते. मग प्राध्यापकांकडे बघून म्हणाले, "बघा सर. म्या काय म्हणत होतो? नवीच चांगली. आज व्होल्टेज बरोबर हाय."

प्राध्यापक म्हणाले, "मान्य करावं लागेल. आज खरंच वेगळं वाटतंय."

मला हसावं की तबकडी उचलून भिंतीवर मारावी ते कळेना. मी म्हणालो, "दुसरी बाजू मी ऐकणार. मधे बसून."

प्राध्यापक अर्धे उठले होते, पाळी त्यांची म्हणून. ते परत बसले. वकील ताबडतोब उभे राहिले. चेहऱ्यावर हसू. "बसा की! तुमीच बसा. रेकॉर्ड तुमची हाय. कवाचं म्हणायलोय मी." त्यांनी स्वतः रेकॉर्ड उलटी केली, सुई ठेवली. सुरुवातीची खरखर यायला लागली. मी मधे जायला निघालो.

"एक मिनिट हां," वकील म्हणाले. त्यांनी वेताची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि आत नेली. बाहेर आले ते घडीची लोखंडी खुर्ची घेऊन. लग्नकार्यात मांडवात मांडतात तसली. त्यांनी ती मधे उघडून ठेवली, खांद्यावरच्या पंच्याने पुसली, आणि म्हणाले, "त्या खुर्चीची वेतं ढिली झालीत. हिच्यात बसा आरामशीर."

त्या वेतावर वकील आत्ताच बसून उठले होते. प्राध्यापक माझ्या दीडपट वजनाचे, ते दर रविवारी बसत होते. चुलत्याचं घर गेलं तेव्हा आम्ही काय करायचं ते ठरवू शकलो होतो, माणसं गोळा केली, पोलिसांत गेलो, गाव सोडलं. इथे समोर एक पुसलेली खुर्ची आणि हसरा माणूस. यात काय तक्रार घेऊन कुणाकडे जायचं?

"वकीलसाहेब," मी म्हणालो, "ती खुर्ची आणा."

"अहो, खुर्चीत काय हाय एवढं?"

"काही नाही ना? मग तीच आणा. मोडली तर मी बांधून देतो."

वकिलांचं हसू गेलं नाही, पण तोंडावर तसंच थांबलं. पंचा हातात घोळवत ते उभे राहिले. गाणं सुरू झालं होतं. ते आत गेले. मला वाटलं, आणायला गेले. खरंच वाटलं. मी मधेच उभा राहिलो, लोखंडी खुर्चीला हात न लावता.

गाणं चारही बाजूंनी येत होतं. मी इतके महिने ज्याची वाट बघितली तेच. त्यातलं मला काहीही ऐकू येत नव्हतं, माझे कान आतल्या दाराकडे लागले होते. आत भांडं वाजलं. कुणीतरी हळू आवाजात काही विचारलं, कुणीतरी हळूच उत्तर दिलं. गिटार माझ्याभोवती फिरून गेली. एक गाणं झालं, दुसरं झालं. बाजू संपली, सुई आपोआप उचलली जाऊन जागेवर जाऊन बसली. वकील बाहेर आले नाहीत.

प्राध्यापक खाकरले. रेकॉर्डचं कव्हर त्यांच्या मांडीवर होतं. "येतील हो ते," ते म्हणाले. "उभे का राहिलात? बसा ना."

"कुठं बसू, सर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मधल्या लोखंडी खुर्चीकडे, मग दाराजवळच्या बाकाकडे. मग त्यांनी कव्हर उलटं केलं, चष्मा लावला आणि पाठीमागचा मजकूर वाचायला घेतला, जणू तो आजच पहिल्यांदा हाती आला होता. मी तबकडीवरून रेकॉर्ड काढली, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि कव्हरसाठी हात पुढे केला.